अंगावर काढलेलं वर्ष

ताई गल्लीत शिरली की खोकणारे खोकायचे थांबायचे. कंबर धरून बसलेला माणूस ताठ व्हायचा, लंगडणारा पटकन खुर्ची गाठायचा, आणि ज्याला आदल्या दिवशी ताप होता तो दारात उभा राहून मोठमोठ्याने हसायचा. नवख्या गिऱ्हाइकाला वाटायचं, काय हसतमुख, धडधाकट गल्ली आहे! मला मात्र ते हसणं ऐकवायचं नाही. मी त्या गल्लीत कपडे शिवते. माझं मशीन खिडकीला लागून आहे, आणि खिडकीतून जे दिसतं ते न बघण्याइतकी मी सज्जन बाई नाही.

ताई म्हणजे माझी बहीण नव्हे. ती विमा करायची, आजारपणाचा विमा, आणि तोही आमच्यासारख्या लोकांचा. सगळी गल्लीच तिला ताई म्हणायची. तिच्याहून वयाने चांगला मोठा असलेला किल्लीवालासुद्धा. उंच, हाडापेराने मजबूत बाई. खांद्याला कागदांची बॅग, अंगात मी शिवलेलं बिनबाह्यांचं जॅकेट, त्याला आतून खिसेच खिसे. दरवर्षी ती माझ्याकडून तसलंच एक नवीन जॅकेट शिवून घ्यायची आणि दरवर्षी म्हणायची की मागचं जास्त चांगलं झालं होतं. असं तोंडावर बोलणारं गिऱ्हाईक मला चालतं.

कारखान्यात नोकरी असली की मालक विमा उतरवतो. आमच्या गल्लीत प्रत्येकजण मालक, आणि त्याचा नोकरही तोच. किल्लीवाला एकटा, फर्निचरला पॉलिश मारणारा एकटा, छापखान्यात दोघे भाऊ, मी एकटी. आजारी पडलो तर रजा मागायची कुणाकडे? आणि आठवडाभर शटर खाली राहिलं की गिऱ्हाईक पुढच्या गल्लीत जातं ते जातंच. असली फुटकळ माणसं कंपन्यांना नको असतात. ताईने कंपनीच्या कचेरीत जाऊन ठाण मांडलं, साहेबांच्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या आणि सगळ्या गल्लीचा मिळून एक गट करून घेतला. त्याआधी आमच्यापैकी कुणाकडेही विम्याचं कार्ड नव्हतं.

हे काम धरण्याआधी ती एका मोठ्या दवाखान्यात पैसे भरायच्या खिडकीमागे बसायची. 'आधी अनामत भरा, मग दाखल करून घेऊ,' हे दिवसभर म्हणत राहायचं, एवढंच काम. मला एकदा म्हणाली, "त्या काचेला भोक असतं बघ, बोलायला. माणसं वाकून भोकाशी तोंड आणायची. मला चेहरा दिसायचाच नाही कुणाचा, नुसती तोंडं दिसायची." एक दिवस जेवायच्या सुट्टीत ती उठली आणि परत खिडकीमागे गेलीच नाही. तिचा एक भाऊ होता, लांब परदेशात, वर्षातून एकदा फोन करणारा. लग्न केलं नव्हतं. बेकरीच्या वर दोन खोल्यांत राहायची आणि सकाळी सगळ्यांच्या आधी तिची चप्पल आमच्या गल्लीत वाजायची.

आता ती आल्यावर खोकला का थांबायचा ते सांगते. विम्याचा नियम असा, की आधीपासूनचा आजार असेल तर तो लिहून द्यायचा. लिहून दिला की कंपनी एक तर दार लावून घेते, नाही तर तेवढा आजार वगळून बाकीचा विमा देते. शिवाय गाठी, हर्निया, मुतखडा, लघवीची दुखणी अशांना पहिलं वर्ष काहीच मिळत नाही, आणि त्या वर्षात एकदा डॉक्टरच्या कागदावर ते नाव आलं की पुढेही कायमचं वगळतात. ताई खोटं लिहायची नाही. मेली तरी नाही. पण माणसांना विम्यावाचून ठेवायचंही तिच्या जिवावर यायचं. मग तिने आपली एक पद्धत काढली होती. कुणी बोलायला तोंड उघडलं की ती हाताचा पंजा वर करायची.

"थांबा. आधी नियम ऐका, मग तोंड उघडा. मी जे ऐकेन ते मी लिहिणार. जे मला माहीतच नाही ते मी कुठून लिहू?"

नियम ऐकल्यावर तोंड कोण उघडतंय! सगळे ठणठणीत. ती कुणालाही 'डॉक्टरकडे जाऊ नका' असं कधी म्हणाली नाही, हे मी शपथेवर सांगेन. ती म्हणायची, "जायचं तर खुशाल जा, मी कोण अडवणार? फक्त कागदावर आलं की माझ्या हातात काही राहणार नाही." गल्लीने त्यातून काय घ्यायचं ते बरोबर घेतलं.

किल्लीवाल्याला हर्निया होता. भला मोठा. पट्टा आवळून, दात-ओठ खात त्याने पहिलं वर्ष काढलं. कुलपांची पेटी उचलताना त्याचा चेहरा पांढराफटक पडायचा आणि आम्ही दुसरीकडे बघायचो. वर्ष सरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात दाखल झाला. सगळा खर्च कंपनीने केला. परत आला तेव्हा गल्लीने त्याला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे शब्दच पडले. वर्ष पुरं झालेली पॉलिसी 'पिकलेली', न झालेली 'कच्ची'. कुणी पोट दाबून बसला की दुसरा विचारायचा, "पिकली का?" आणि तो मान हलवायचा, "अजून कच्ची आहे." मग दोघे हसायचे. मी ताईला म्हटलं होतं, "तू या लोकांना काय शिकवून ठेवलंयस ते तुला कळतंय का?" त्यावर ती म्हणाली, "मी त्यांना नियम शिकवला. नियम मी केलेला नाही." ते खरंच होतं, म्हणून मला जास्त राग आला.

मग कंपनीने ती योजनाच बंद केली. एक पत्र आलं आणि गल्लीचे धाबे दणाणले. ताईने दुसरी कंपनी शोधली. ठरलेल्या मुदतीच्या आत सगळ्यांचे कागद तिकडे गेले तर जुनी वर्षं धरली जाणार होती. मुदत चुकली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्या दिवसांत तिने जिवाचं रान केलं. छापखान्यातला धाकटा भाऊ सासुरवाडीला गेला होता, तिथे जाऊन सही आणली. माझी सही मी मशीन चालवता चालवता केली. पॉलिशवाला आजवर 'मला काय धाड भरलीय' म्हणून विम्याला नाक मुरडत होता. किल्लीवाल्याचं ऑपरेशन फुकटात झालेलं बघून तोही तयार झाला; त्याला मुदतीची घाई नव्हती, तो काही महिन्यांनी आत आला. गल्लीतला एकही माणूस मागे राहिला नाही.

राहिली ती ताई. प्रत्येकाच्या मागे ती सहीसाठी धावली. स्वतःच्या सहीसाठी तिला कुठे जायचंच नव्हतं, म्हणून तो कागद तिने शेवटी ठेवला, आणि शेवटच्या दिवशी ती कचेरीतून परत आली तेव्हा तो घरी टेबलावरच होता. मुदत गेली. नव्या कंपनीत तिला घेतलं, पण नवखी म्हणून. पॉलिशवाल्याच्या काही महिने आधी, पण त्याच्याच रांगेत. हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगून काय करणार? लोक हसले असते, आणि ते तिला परवडणारं नव्हतं. तिचा धंदाच तिच्या चोखपणावर चालायचा.

मला कळलं ते जॅकेटमुळे. नवीन जॅकेट नेऊन थोडेच दिवस झाले होते, आणि ती तक्रार घेऊन आली.

"अगं, काखेत काचतंय. डावीकडे."

"मी कापलेलं काचत नाही," मी म्हटलं. "घाल बघू."

तिने ते अंगात घातलं. उजवीकडे सगळं नीट होतं. डावीकडे मी काखेच्या मुंढ्याच्या आत बोटं घातली, कापड कुठे ओढतंय ते बघायला, आणि बोटांना एक गाठ लागली. सुपारीएवढी, घट्ट, जागची न हलणारी. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती समोरच्या आरशात स्वतःच्या खिशांकडे बघत होती.

"ताई, हे..."

तिचा पंजा वर झाला.

"बोलू नकोस."

"कधीपासून आहे?"

"मुंढा सैल करून दे. बस."

मी कात्री खाली आपटली. मी आवाज चढवला की गल्लीला ऐकू जातं, म्हणून तिने आधी दार लोटलं आणि मग मला सगळं सांगितलं: तो राहिलेला कागद, ती कच्ची पॉलिसी. सगळं अगदी शांतपणे, जसं ती दुसऱ्याला समजावायची तसं. आत्ता डॉक्टरकडे गेली आणि कागदावर आलं तर ते कायमचं वगळणार. मग ऑपरेशन आलं, औषधं आली, तर ती त्याच काचेच्या भोकाशी वाकणार. "मी पलीकडून बघितलंय ते," ती म्हणाली. "अलीकडून नाही बघायचं मला."

"अगं पण ते वाढत असेल तर?"

"काय वाढतंय? तुला माहीत आहे का काय आहे ते? मला नाही माहीत. आज मला काहीच माहीत नाहीये."

हे बोलताना ती हसली.

मी गप्प बसणारी नव्हे. माझं एक गिऱ्हाईक डॉक्टरीण आहे. तिला मी कपडे द्यायच्या निमित्ताने ताईच्या वेळेलाच बोलावून घेतलं. म्हटलं, नुसता हात लावून बघा, काही लिहू नका, माझ्या दुकानात कुठला आलाय कागद. डॉक्टरीण भली होती, तयार झाली. ताई आत आली, तिने डॉक्टरणीकडे पाहिलं, तिच्या गळ्यातल्या दवाखान्याच्या ओळखपत्राकडे पाहिलं, आणि उंबऱ्यावरूनच मागे फिरली. मी मागे धावले. छापखान्याच्या दारात तिला गाठलं, दंडाला धरलं. यंत्राच्या आवाजात कुणाला काही ऐकू येणार नव्हतं, म्हणून मी चक्क ओरडले, "तू मरशील गं!"

"ती हात लावेल," ताई म्हणाली, "मग तिला कळेल. मग मला कळेल. आणि एकदा मला कळलं की मी लपवायची नाही. तू मला ओळखतेस ना?"

ओळखत होते. तेच तर होतं. मी खर्च करते म्हटलं, तर म्हणाली, "तू मशीन विकशील आणि मग तुझा विमा मी कशावर करू?" तिच्या भावाला फोन करते म्हटलं, तर तीन आठवडे माझ्याकडे फिरकली नाही. परत आली तेव्हा मी तो विषय काढला नाही, कारण ती आली नाही तर तिच्यावर लक्ष ठेवणारं कुणीच उरणार नव्हतं.

ते वर्ष मी टेपने मोजत काढलं. जॅकेट आधी काखेत सैल केलं, मग कंबरेत आत घेतलं, मग खांद्यात. छातीचं माप कमी होत गेलं आणि डाव्या दंडाचं वाढत गेलं. बॅग डाव्या खांद्यावरून उजव्यावर गेली. पुढे ती बॅग हातगाडीसारखी चाकांवर ओढत यायला लागली, आणि गल्लीतल्या लोकांनी "ताई, सुधारलात!" म्हणून तिची थट्टा केली. तीही हसली. खिडकीतून मला तिच्या चेहऱ्यावरचा घाम दिसायचा. कुणी विचारलं, "ताई, बारीक झालात?" की ती म्हणायची, "तुमच्यामागे धावून." आणि मग जिना चढताना दम लागून थांबावं तशी ती माझ्या दाराशी थांबायची, आत यायची, आणि माझ्या खुर्चीत बसून राहायची.

त्याच दिवसांत मला पॉलिशवाल्याचं कळलं. आमच्या गल्लीला मागच्या बाजूला एकच संडास आहे. तो बाहेर पडला आणि मागोमाग मी गेले, तर पाणी लालसर होतं. परत येऊन मी त्याला सरळ विचारलं. त्याच्या हातात पॉलिशचा बोळा होता, त्या वासाने डोळे चुरचुरत होते.

"बीट खाल्लं काल," तो म्हणाला.

"किती खाल्लंस? पोतंभर?"

"वहिनी, तुम्ही कपडे शिवा." मग जरा थांबून हळूच म्हणाला, "कच्ची आहे अजून. ताईंना बोलू नका."

मला दोघांनाही एकत्र बांधून दवाखान्यात टाकून यावंसं वाटलं.

ज्या दिवशी वर्ष पुरं झालं त्याच्या दुसऱ्या सकाळी ताई मला घ्यायला आली. नीट विंचरलेले केस, धुतलेलं जॅकेट. लग्नाला निघाल्यासारखी खुशीत होती ती. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, आणि तपासता तपासता त्यांचा हात मध्येच थांबला.

"हे किती दिवसांपासून आहे?"

मी ताईकडे बघितलं. आता तिला माहीत होतं. गाठ तर तिच्या स्वतःच्या अंगातच होती. ज्या बाईने आयुष्यात कुणाच्या कागदावर एक खोटं अक्षर लिहिलं नाही, ती म्हणाली, "आत्ताच लक्षात आलं. आठ-दहा दिवस झाले असतील."

डॉक्टर तिच्या सुजलेल्या दंडाकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी तिने सांगितलं तसंच लिहिलं. माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. मी खरं सांगणार होते. पण त्यांच्या नजरेतूनच मला समजलं की त्यांना कळायचं ते कळलंय, आणि आता काहीही लिहिलं तरी औषध तेच राहणार आहे. तपासण्या झाल्या. गाठीतून ते काखेत, काखेतून छातीच्या आत, हाडांत गेलं होतं. कापण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुखणं कमी करू, ते म्हणाले.

पॉलिसीने मात्र काम चोख केलं. कंपनीने एक जादा कागद मागितला नाही, एक प्रश्न विचारला नाही. खोली मिळाली, खिडकीशेजारचा पलंग मिळाला. खाली पैसे भरायच्या काचेसमोर आम्हाला थांबावंही लागलं नाही. तिची चाकांची खुर्ची तशीच पुढे गेली. ताईने मान वळवून त्या रांगेकडे बघितलं.

गल्लीला एवढंच कळलं होतं, की ताईचीही पॉलिसी कच्ची होती आणि आता पिकली; दुखणं बरं होणारं नाही हे तिने सांगितलं नव्हतं. मला सांगू दिलं नाही. त्यामुळे गल्ली आली ती पेढे वाटायच्या तोंडाने. किल्लीवाला फळं घेऊन, छापखान्याचे दोघे भाऊ, पॉलिशवाला.

"एक पैसा नाही लागला म्हणे!" किल्लीवाला खोलीकडे बघत म्हणाला. "ताई, नियम पाळावा तर तुमच्यासारखा. वर्षभर अंगावर काढलंत आणि बघा!"

छापखान्याचे भाऊ हसले. ताई उशीला टेकून बसली होती. ती हसली नाही. ती पॉलिशवाल्याकडे बघत होती. तो दाराशी उभा होता, एका पायावर भार देऊन.

"तुम्हाला काय होतंय हो?" तिने विचारलं.

तो दचकला. "मला? मला काय होणार? ठणठणीत!"

"खरं सांगा."

"ठणठणीत, ताई. तुमच्या आशीर्वादाने."

"खोटं बोलतोय तो," मी म्हटलं. "लघवीतून रक्त जातंय. कित्येक महिने. मी बघितलंय."

पॉलिशवाल्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याचा गळाच कापला होता.

"खाली तळमजल्यावर डॉक्टर बसतात," ताई म्हणाली. "आत्ता जा. ही येईल तुमच्याबरोबर."

"जातो ना. थोडे महिने राहिलेत. पिकली की लगेच."

"मसणात गेली पॉलिसी! आत्ता जा म्हणतेय ना मी!"

तिचा आवाज फाटला. तिला इतक्या मोठ्याने बोलताना आम्ही कधी ऐकलं नव्हतं. पॉलिशवाला जागचा हलला नाही. "तुम्ही गेला होतात का, ताई?" त्याने विचारलं. उर्मटपणे नाही, खरंच जाणून घ्यायला.

ताईने डोळे मिटले. मग उघडले. "नाही गेले," ती म्हणाली. "म्हणून मरतेय. हे बरं होणारं नाही. वेळेत आले असते तर एवढीशी गाठ कापून घरी गेले असते. ऐकताय ना? मी मरतेय."

किल्लीवाल्याच्या हातातली पिशवी पलंगाच्या कडेला टेकली. छापखान्याच्या थोरल्या भावाने तोंड फिरवलं. पॉलिशवाला मान खाली घालून उभा होता, इतका वेळ की मला वाटलं, आता येईल हा माझ्याबरोबर. मी पदर खोचून पुढेही झाले.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "मी आज गेलो तर वगळणार ना ते?"

तिने नुसती मान डोलावली.

"मग ऑपरेशनला घर विकायचं. बायको, पोरी, सगळे रस्त्यावर. आणि तरी मी वाचेन, असं सांगता येतं का तुम्हाला?"

"नाही," ताई म्हणाली. "नाही सांगता येत."

"आणि थांबलो तर घर तरी राहील."

ताईने माझ्याकडे बघितलं. पॉलिशवाल्याने पुढे येऊन तिच्या पायांवरून घसरलेली चादर नीट केली.

"येतो मी," तो म्हणाला. "दुकान उघडं टाकून आलोय."